दाराबाहेरचा आवाज

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माणकचंद शेठचं कापडाचं दुकान आहे. खाली दुकान, वर गोडाऊन. त्यांचा मुलगा रोनक पुण्याहून साउंडचा कोर्स करून परत आला आणि त्याने स्टुडिओसाठी गोडाऊन मागितलं, तेव्हा शेठ म्हणाले, "घे. पण माल हलणार नाही."

माल हलला नाही. टॉवेलचे गठ्ठे आणि अस्तराचे तागे यांच्या मधल्या बोळात रोनकने माइक उभा केला, खिडकीजवळ टेबल टाकून त्यावर कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर मांडले आणि काम सुरू केलं. अडचण होईल असं त्याला वाटलं होतं, पण झालं उलटंच. कापड आवाज पिऊन टाकतं. त्या बोळात कोणी बोललं की शब्द तोंडातून निघून जिथल्या तिथे संपायचा, कुठे आपटून परत यायचा नाही. जळगावच्या एका स्टुडिओतला माणूस एकदा बघायला आला होता. त्याने टाळी वाजवली, कान दिला आणि म्हणाला, "रूम एकदम डेड आहे, यार. मस्त." शेठ त्या वेळी जिन्यावर होते. आपल्या गोडाऊनबद्दल असं बोललेलं त्यांना आवडलं नाही. त्या माणसाला त्यांनी चहा विचारला नाही.

अशा जागेत घेतलेल्या आवाजाला रोनकच्या धंद्यात कोरडा आवाज म्हणतात. कोरडा आवाज हाती आला की पुढचं सगळं कॉम्प्युटरवर करता येतं. रिव्हर्ब नावाची एक सोय असते. तिच्यातून गाणारा माणूस देवळात उभा करता येतो, विहिरीत उतरवता येतो, नाहीतर न्हाणीघरात. खोली केवढी, आवाज किती वेळ घुमत राहावा, घुमणं कधी सुरू व्हावं, त्यात कोरडं किती आणि घुमतं किती, या सगळ्यांची स्क्रीनवर वेगवेगळी बटणं असतात. गायला येणारी मंडळी या सगळ्याला इको म्हणायची. इको वेगळा आणि रिव्हर्ब वेगळा, हे रोनक सुरुवातीला समजावून सांगायचा. मग त्याने ते सोडून दिलं.

काम बहुतेक अहिराणी गाण्यांचं असायचं. हळदीची, लग्नाची, कानबाईच्या सणाची गाणी रेकॉर्ड करून लोक यूट्यूबवर टाकत. प्रेमराज आणि दिपमाला हे नवरा-बायको त्यातलेच. साक्रीकडे त्यांचं गाव, थोडी कांद्याची शेती, आणि दोघांच्या नावाचं एक चॅनल. तिने विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं, अशी त्यांची गाणी असत. मागचं गाणं बरंच चाललं. त्याच्या खाली कुणीतरी लिहिलं, 'ताईंचा आवाज खतरनाक. भाऊंनी फक्त डब्बा वाजवावा.'

प्रेमराजभाऊंनी हे मनावर घेतलं नसतं. पण त्या कॉमेंटला चॅनलकडून लाल बदाम दिलेला होता. चॅनल दोघांचं होतं, आणि प्रेमराजभाऊंनी बदाम दिलेला नव्हता.

दिपमालाताई म्हणाल्या की बोट लागलं असेल. एवढ्या कॉमेंटमधून बोट नेमकं तिथेच कसं लागलं, असं प्रेमराजभाऊंनी विचारलं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. ते एकाच घरात राहत होते, एकाच वावरात कांदे काढत होते आणि एकाच मोटारसायकलवर बसून धुळ्याला येत होते. फक्त एकमेकांशी बोलत नव्हते. मोटारसायकल पेट्रोल भरायला थांबवायची असली की प्रेमराजभाऊ रस्त्याकडे बघत "पंप उना" असं म्हणत, आणि ताई उतरत.

नवीन गाणं भांडणाआधीच जुळवलेलं होतं आणि लग्नसराई जवळ आली होती, त्यामुळे ते टाकून देता येत नव्हतं. गाणं असं होतं की बाई घरात आहे, दार लावलेलं आहे आणि बाहेरून कोणीतरी कडी वाजवतंय. ती विचारते, 'दार कोन वाजाडी ऱ्हायनं?' तो म्हणतो, 'मी शे वं, मी.' ती काही दार उघडत नाही. काय आणलं, कुठून आला, एवढा वेळ कुठे होता, असं विचारत राहते. शेवटच्या कडव्यात दार उघडतं आणि दोघं मिळून गातात.

"संगे गाणार नही," प्रेमराजभाऊंनी रोनकला सांगितलं. "त्या आज गाई घेतीन. मी पुढला आठवडामा येसू."

रोनकची काही हरकत नव्हती. आजकाल एका गाण्यातल्या दोन माणसांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नसतं.

त्या दिवशी प्रेमराजभाऊ खाली दुकानात बसले आणि शेठने त्यांना शर्टपीस दाखवले. वर दिपमालाताई टॉवेलच्या गठ्ठ्यांत उभ्या राहिल्या. त्यांचं गाणं पटकन झालं. आवाज इतका जवळून आला होता की दोन ओळींमधला श्वासही ऐकू यायचा. शेजारी बसून कानात विचारावं तसं, 'दार कोन वाजाडी ऱ्हायनं?'

पुढच्या आठवड्यात रोनक एका केबलसाठी जळगावला गेला. परत येऊन जिना चढला तर गोडाऊनमध्ये काहीच नव्हतं. चार भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, खाली फरशी आणि मधोमध एकटा माइक.

"पप्पा!" त्याने हाक मारली. हाक चारी भिंतींना लागून त्याच्याकडे परत आली.

शेठ वर आले. ते फार खुशीत होते. "सामूहिक विवाहवाले आले होते. बठ्ठा माल उचलला. टॉवेलसुद्धा."

"आज प्रेमराजभाऊ येणार आहेत."

"मग येऊ दे की. आता जागाच जागा आहे."

रोनकने घरी जाऊन आईकडे रजया मागितल्या. सुगनबाईंनी विचारलं, "पाहुण्यांच्या रजया गाणं म्हणायला?" आणि त्यातल्या दोन दिल्या. त्या भिंतींवर टांगून काही फरक पडला नाही. तोपर्यंत प्रेमराजभाऊ येऊन पोचले होते.

माइकसमोर उभं राहून त्यांनी घसा साफ केला. "हं," ते म्हणाले. तो हं मोठा होऊन परत आला. ते थांबले. पुन्हा एकदा "हं" करून पाहिलं. मग ते दारापर्यंत गेले, चपला काढून ठेवल्या आणि परत येऊन उभे राहिले.

एरवी प्रेमराजभाऊ मान आत घेऊन गायचे, बाजूच्या खोलीत कोणी आजारी असल्यासारखे. त्या दिवशी हेडफोनमध्ये ताईंचा प्रश्न आला आणि त्यांनी उत्तर दिलं, 'मी शे वं, मी,' तेव्हा आवाज स्लॅबपर्यंत गेला, तिथे थोडा थांबला आणि सावकाश खाली आला. भाऊंची मान वर आली. दुसऱ्या ओळीला खांदे सैल पडले. पहिल्याच ओळीला थांबवायचं असं रोनकने ठरवलं होतं, पण त्याने थांबवलं नाही. इतकं चांगलं गाताना त्याने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "भाऊ, आवाज फार घुमतोय. माल आला की परत घेऊ."

"घुमी ऱ्हायना ना?" प्रेमराजभाऊ चपला घालत म्हणाले. "हाऊच ठेव. हाऊच मना खरा आवाज शे."

दोन्ही आवाज एकत्र लावल्यावर घोटाळा कळला. ताई कानाशी बोलत होत्या आणि भाऊ एसटी स्टँडवरून. ते एका गाण्यात आहेत असं वाटतच नव्हतं. शेठ वर आले तेव्हा रोनक टेबलावर डोकं टेकून बसला होता.

"काय झालं?"

"भाऊंच्या आवाजात गोडाऊन आलंय."

"काढून टाक."

"काढता येत नाही, पप्पा. घालता येतं. काढायला गेलं की थोडं निघतं, पण त्याच्याबरोबर आवाजही निघतो."

शेठने विचार केला. "पक्क्या रंगाचं कापड धुतल्यासारखं. रंग पुरता जात नाही आणि कापड विटतं."

"हो."

"मग कोऱ्यालाच रंग दे," शेठ म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेले.

दुसरा मार्ग नव्हताच. भाऊंना ताईंच्या जागेत आणता येत नव्हतं, तेव्हा ताईंना भाऊंच्या जागेत नेणं भाग होतं. रोनकने ताईंच्या आवाजावर रिव्हर्ब लावून पाहिला. खोली लहान केली, मोठी केली, घुमणं लांबवलं, आखडलं. कॉम्प्युटरमध्ये परदेशातली चर्च होती, नाटकाची थिएटरं होती, पत्र्याचं एक गॅरेजही होतं. आग्रा रोडच्या मागचं गोडाऊन नव्हतं.

कोर्समध्ये एक उपाय शिकवला होता. रिकाम्या जागेत फुगा फोडायचा आणि त्या जागेने त्या आवाजाचं काय केलं ते रेकॉर्ड करून घ्यायचं. तो जागेचा ठसा असतो. तो कॉम्प्युटरला दिला की कुठलाही आवाज त्या जागेत नेऊन ठेवता येतो. रोनक फुगे घेऊन आला, आणि त्याच वेळी नवीन मालाचा ट्रक दुकानासमोर लागला.

झुलाल हमाल पहिला गठ्ठा पाठीवर घेऊन वर आला, तेव्हा रोनक टाचणी घेऊन उभा होता.

"झुलालभाऊ, आहे तिथेच थांबा. हलू नका. बोलू नका."

झुलाल कोपऱ्यात गठ्ठ्यासकट थांबला. रोनकने फुगा फोडला. नेमका ट्रकवाल्याने हॉर्न दिला. दुसरा फोडला, तेव्हा खालून, दुकानात आलेल्या सुगनबाईंचा आवाज आला, "काय फुटलं रे?" तिसरा फुगा मात्र छान फुटला. आवाज भिंतींवरून फिरला आणि विरत विरत गेला. रोनकने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"ठेवू का आते?" झुलालने विचारलं.

"ठेवा."

त्या ठशात कोपऱ्यातला एक माणूस आणि एक गठ्ठाही आला होता. तो ऐकणाऱ्याला कळण्यासारखा नव्हता. तरी रोनकने फाइलला 'झुलाल' असं नाव दिलं.

गाणं तयार झालं तेव्हा दोघं ऐकायला आले. गोडाऊन पुन्हा छतापर्यंत भरलं होतं. प्रेमराजभाऊ रोनकच्या उजवीकडे बसले, दिपमालाताई डावीकडे. गाणं वाजलं. दोघं एकाच मोठ्या खोलीत समोरासमोर उभे राहून गात असल्यासारखे वाटत होते. रोनकला आपल्या कामाचं समाधान वाटलं.

"आते बराबर शे," प्रेमराजभाऊ म्हणाले.

ताई म्हणाल्या, "रोनकभाऊ, माले एवढं दूर काब्रं उभं कयं?"

"दूर नाही ताई, दोघांना एका खोलीत घेतलंय. थांबा, तुम्हाला पुढे आणतो." घुमणं जरा उशिरा सुरू केलं की माणूस जवळ आल्यासारखा वाटतो. रोनकने ते बटण सरकवलं आणि परत लावलं.

"आते मी मांगे गया," प्रेमराजभाऊ म्हणाले. "त्यास्ले सांगा, एवढं पुढे येवानी गरज नही."

"त्यास्ले सांगा," ताई म्हणाल्या, "मी व्हतू तठेच शे."

रोनकने ताईंना थोडं मागे नेलं. मग थोडं पुढे आणलं. मग भाऊंचा आवाज वाढवला, तेव्हा ताईंनी स्वतःचाही वाढवायला सांगितला. असं बराच वेळ चाललं. खाली शेठ कापड फाडत होते, त्याचा टर्र आवाज मधून मधून येत होता. शेवटी ताई वैतागून म्हणाल्या, "पन आमले एक खोलीमा टाकं कसाले?"

"गाणं दोघांचं आहे ना."

"गाणामा मी घरमा शे. दार लायेल शे. ह्या बाहेर उभा शेतस. एक खोलीमा कसा ऱ्हातीन?"

रोनकने स्क्रीनकडे पाहिलं. इतके दिवस तो हे गाणं ऐकत होता. दाराचा विचार त्याने केला नव्हता. ताईंच्या आवाजावरचा रिव्हर्ब त्याने पूर्ण बंद केला आणि गाणं सुरुवातीपासून लावलं. ताई पुन्हा कानाशी आल्या. 'दार कोन वाजाडी ऱ्हायनं?' आणि भिंतीपलीकडून, अंगणातून यावं तसं उत्तर आलं, 'मी शे वं, मी.' काहीच करायची गरज नव्हती.

प्रेमराजभाऊंनी ते पूर्ण ऐकलं. शेवटच्या कडव्याला ते पुढे सरकले. "हाई काय? दार उघाडी टाकं, दोन्ही संगे गाई ऱ्हायनात. तरी मी बाहेरच?"

तेही खरं होतं. दार उघडलं होतं आणि भाऊ अजून अंगणातूनच ओरडत होते.

"भाऊ, तुम्हाला आत घेता येत नाही," रोनक म्हणाला. "तुमच्या आवाजातून गोडाऊन निघत नाही."

प्रेमराजभाऊ गुडघ्यावर हात चोळत राहिले. मग उठले. "परत गास. आते गोडाऊन भरेल शे. मांगलं खोडी टाक."

"सगळं?"

"बठ्ठं."

दिपमालाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊ टॉवेलच्या गठ्ठ्यांत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हेडफोन लावला. ताईंचा प्रश्न वाजला. 'मी शे वं, मी,' भाऊ म्हणाले. आवाज टॉवेलमध्ये गेला आणि परत आला नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. पुढच्या ओळीला मान आत गेली. तिसऱ्या ओळीला ते दार वाजवल्याबद्दल माफी मागत असल्यासारखे वाटू लागले. रोनकच्या दृष्टीने आवाज उत्तम होता, स्वच्छ आणि कोरडा, पाहिजे तिथे ठेवता येणारा. पण आता हा माणूस बाहेर उभा आहे आणि त्याला आत यायचंय, असं काही त्यातून कळत नव्हतं.

भाऊंनी पुन्हा सुरुवातीपासून धरलं. स्पीकरजवळ बसून ताई ऐकत होत्या. अर्ध्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. रोनकने थांबवलं. "पहिलंच ठेवा. ते भारी शे."

त्या रोनकशी बोलत होत्या, पण मोठ्याने बोलत होत्या. भाऊंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला होता.

"मंग मी बाहेरच ना?" ते म्हणाले. हे त्यांनी रोनकला विचारलं नव्हतं.

"मी येसू ना बाहेर," ताई म्हणाल्या.

भाऊ हेडफोन काढून गठ्ठ्यांतून बाहेर आले. मग ताई रोनककडे वळल्या. "शेवटले माले यास्ना जागामा टाकता येई का? एकदम नही. दार उघाडस ना, तशी."

टाकता येणार होतं. रोनकने शेवटचं कडवं स्क्रीनवर मोठं केलं. ताईंचं आधीचं सगळं कोरडं ठेवलं. दार उघडल्याच्या शब्दापासून त्याने एक रेघ हळूहळू वर नेली, जेवढी रेघ वर तेवढं घुमणं जास्त. शेवटच्या ओळीला ती भाऊंच्या आवाजाच्या बरोबरीला आणून सोडली. मग लावून दाखवलं.

कानाशी असलेला आवाज त्या शब्दाला जागचा हलला. उंबरा ओलांडला, मोकळ्यावर आला, आणि भाऊ इतका वेळ जिथे उभे होते तिथे जाऊन थांबला. शेवटची ओळ दोघांची मिळून स्लॅबपर्यंत गेली.

प्रेमराजभाऊ स्क्रीनकडे बघत होते. ताईंच्या आवाजाच्या पट्टीवर त्या ठशाच्या फाइलचं नाव दिसत होतं ते त्यांनी वाचलं. "झुलाल कोन शे?"

"आमचे हमाल आहेत. फुगा फोडला तेव्हा ते कोपऱ्यात होते. म्हणजे त्या खोलीत तेही आहेत."

भाऊंनी विचार केला. "गातस का त्या?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ दे."

दोघं जिना उतरत असताना रोनक फाइल सेव्ह करत होता. जिन्यातलं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"बोट खरंच लागनं व्हतं का?"

"नही. माले ती कॉमेंट आवडनी व्हती."

चपला दोन-तीन पायऱ्या खाली गेल्या.

"मंग डब्बा वाजाडू का मी?"

"वाजाडता तरी येस का?"

भाऊंनी काय उत्तर दिलं ते मोटारसायकल सुरू झाल्यामुळे कळलं नाही. पण पुढच्या वेळी ते आले तेव्हा दोघंही बोलत होते, आणि बऱ्यापैकी भांडतही होते, त्यामुळे रोनकला मधे पडावं लागलं नाही.

गाणं लग्नसराईत चाललं. शिरपूरला शेठच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी हळद होती. शेठ आणि रोनक दोघं गेले. मांडवात डीजे होता आणि त्याने ते गाणं लावलं. डीजेने स्वतःचा इको पूर्ण उघडून ठेवलेला होता. घर, अंगण, गोडाऊन, दार, सगळं एकात एक मिसळून मांडवभर फिरत होतं. रोनक हात मागे बांधून ऐकत उभा राहिला.

"तुझंच ना हे?" शेठने विचारलं.

"हो."

"ती आत आहे का बाहेर?"

"समजत नाहीये, पप्पा."

नवरीचे मामा मात्र नाचत होते. त्यांच्या पाठीमागे करवल्या, त्यांच्या पाठीमागे गल्लीतल्या बायका. मामांनी शेठलाही ओढायचा प्रयत्न केला, पण शेठने आकाशाकडे बोट दाखवलं. सूर्य मावळायला आला होता आणि शेठ जैन, सूर्यास्तानंतर ते जेवत नसत. दोघं पंगतीकडे गेले. वरण-बट्टी होती आणि वांग्याची भाजी होती. वांगीही वर्ज्य, म्हणून शेठने ती पानात वाढू दिली नाहीत. रोनकने दोनदा घेतली.